मग पुन्हा जिवंतावर

बाई,

आज सकाळी टेबलावरच्या, वीज मोजायच्या मोठ्या मीटरचं बटण दाबलं आणि सवयीनं स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "लावलाय हो." आतून "तापू दे" आलं नाही. तरी मी थांबले. थंड मीटर खोटं बोलतो, त्याला अर्धा तास द्यायचा, ही तुमची शिकवण. कुणी कितीही घाईत आलेलं असो, तुम्ही त्याला पडवीत बसवून चहा द्यायचात आणि विचारायचात, तुला गाढ झोपेतून उठवून पाढे म्हणायला लावले तर म्हणशील का धड? मग तो बिचारा बिघडलेला मिक्सर मांडीवर घेऊन लाल आकड्यांकडे बघत बसायचा.

तो अर्धा तास आज मला खायला उठला, म्हणून हे लिहायला बसले. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. आठवीत सोडलेली शाळा त्यात दिसते. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर ढकलून, चुकलेल्या वेलांटीवर नुसतं बोट ठेवलं असतंत, बोलला नसतात काही.

काल पांडूदादांनी मला विचारलं, त्या जुन्या वायरीला हात लावू का नको. तीच वायर, जिच्यावरून आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं. उत्तर द्यायला तुम्ही नव्हतात. माझ्या शब्दावर एका माणसाचा हात उघड्या तांब्यावर पडणार होता. काय झालं ते सांगायचंच आहे, पण तुमच्यासारखं सरळ मुद्द्यावर यायला मला कधी जमलंय? मीटरवर जसं मापाच्या सगळ्यात मोठ्या पट्टीपासून सुरू करून एकेक पायरी खाली यायचं, तशीच येते.

जिंतूरकडून चौलला आले तेव्हा समुद्राचा आवाज मला न थांबणाऱ्या पिठाच्या गिरणीसारखा वाटायचा. यांना किहीमच्या कॉटेजमध्ये स्वयंपाक्याचं काम मिळालेलं, आणि राहायला तुमच्या सुपारीच्या वाडीमागची खोली. हे मोटरसायकल घेऊन गेले की मी दिवसभर एकटी. सुपारी सोलायला बाया लागतात असं कळलं म्हणून तुमच्या अंगणात येऊन बसले. आमच्याकडे सुपारी म्हणजे गणपती म्हणून पाटावर मांडायची ती. ती एवढ्या उंच झाडावर लागते आणि तिच्यासाठी माणूस चढतो, हेच मला नवीन होतं.

तुमचा पहिला शब्द आठवतो. मी पडवीतून चालले होते आणि जमिनीवर तुमची कसलीशी वायर पसरलेली. तुम्ही टेबलावरून मान वर न करता म्हणालात, "अगो मेले, पाय उचल की." आमच्याकडे जिवंत माणसाला असं म्हटलं की ती शिवी होते, शापच. मी खोलीवर जाऊन रडले आणि संध्याकाळी यांना म्हटलं, परत जाऊ. यांनी जाऊन पांडूदादांना विचारलं. तुमच्या वाडीत सुपारीवर चढणारे पांडूदादा, ते पोट धरून हसले. म्हणाले, "बाय ज्याला मेल्या बोलतान ना, त्यालाच चाय देतान. ज्याला अहो-जाहो करतान तो गेटाभायेर." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला चहा दिलात. बशीत ओतून, फुंकर मारून, जशी मी घरातलीच.

टेबलाशी मला बोलावलंत ते मात्र तुमच्या गरजेनं. तुमचा उजवा हात थरथरायला लागला होता आणि ते तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. मीटरच्या लाल-काळ्या वायरींची टोकं बारीक जागी धरून ठेवायला दुसरे हात हवे होते. "सोलून सोलून बोटं घट्ट झालीयत तुझी, इथे धर," एवढंच म्हणालात. मी धरलं. तुम्ही आकडा वाचलात. असं कितीतरी दिवस चाललं. हात माझे, डोळे तुमचे. मग एक दिवस चष्मा सापडत नव्हता तेव्हा तुम्ही म्हणालात, तूच वाच.

पंख्याची एक कॉइल होती. मी टोकं लावली, आकडा बघितला आणि सांगितलं, "एक आला, बाई."

"एक काय?"

"नुसता एक. डावीकडे. बाकी सगळं कोरं."

तुम्ही हसला नाहीत. चष्मा नसतानाच खुर्ची ओढून जवळ आलात. "अगो, तो एक नव्हे. डाव्या कडेला एकटाच उभा असला की समज, तो म्हणतोय, मला दिलेल्या मापात हे मावत नाही. कॉइल तुटलीय आत." आणि मग पट्टी वरची, त्याच्या वरची, सगळ्यात वरची दाबून दाखवलीत. प्रत्येक वेळी तोच एकटा एक. मी आमच्या शाळेत असते आणि अशी चुकले असते तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. इथं चूक झाली आणि मला एक नवीन गोष्ट मिळाली. त्या दिवसापासून मी तुम्हाला बाई म्हणायला लागले. सगळं गाव तुम्हाला बाईच म्हणायचं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुमची सगळी नोकरी झाली म्हणून. पण माझ्या तोंडी तो शब्द वेगळा होता. शाळा सुटल्यावर मला मिळालेल्या बाई तुम्ही.

हा मीटरही तुमच्याच प्रयोगशाळेतून आलेला. नवीन आले तेव्हा जुने भंगारात निघाले आणि तुम्ही रीतसर लिलावात हा उचललात. लोखंडी पेटी, पोळ्यांच्या डब्यापेक्षा मोठी. उचलायचा वरचा कान खाली वळवला की त्याच कानावर पेटी तोंड वर करून उभी राहते. बाजूला पांढऱ्या रंगानं घातलेला कॉलेजचा नंबर, तो तुम्ही कधी पुसू दिला नाहीत. पुढे बटणांची रांग. एक दाबलं की आधीचं टक्कन बाहेर येतं, जशा एका बाकावर बसणाऱ्या मुली एकमेकींना ढकलतात. एसी, डीसी, ओम, मिलीअँपिअर. मला ही नावं आधी मंत्रासारखी पाठ झाली, अर्थ मागाहून आला. सकाळी सगळी बटणं खाली-वर करून घ्यायची, कारण आपल्याकडची खारी हवा त्यांच्या आत जाऊन बसते. लाल वायर करंटच्या भोकात ठेवून व्होल्ट मोजायला जायचं नाही, नाहीतर मागचा फ्यूज उडतो. तो मी उडवला. तुम्ही मागचं झाकण माझ्याकडूनच उघडवून घेतलंत आणि नवा बसवेपर्यंत सुपारीच्या भावाबद्दल बोलत राहिलात, जणू काही झालंच नाही.

वायरींची दोन टोकं एकमेकींना टेकवली तरी आकडा शून्य येत नाही, हे बघून मी घाबरले होते. मला वाटलं मीटर बिघडवला मी. तुम्ही म्हणालात, एवढं मोजणाऱ्याच्या स्वतःच्या वायरींतच असतं, आधी ते वजा कर, मग दुसऱ्याचं सांग. त्यानंतर गावात कुणी कुणाबद्दल काही बोलायला लागलं की तुम्ही माझ्याकडे बघून दोन बोटं एकमेकांना टेकवायचात. मला हसू आवरायचं नाही आणि बोलणाऱ्या बाईला कळायचं नाही काय झालं.

माझ्या स्वभावाचं तुम्ही काय केलंत, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी भित्री आहे. गॅस बंद केला का ते जाऊन बघते, परत येऊन बघते. कुलूप ओढते, चार पावलं गेले की मागे फिरून पुन्हा ओढते. घरी आईही चिडायची, हेही चिडतात. मीटरवर तर माझा जीव टांगणीला लागायचा, कारण त्यातला शेवटचा आकडा कधी थांबतच नाही. तीन, चार, तीन, पाच, चार. मी तो थांबायची वाट बघत टोकं धरून बसायची. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "तो थांबायचा नाही गो. तो थांबला तर समजायचं मीटर मेला. बाकीचे थांबले ना? मग वाच आणि पुढे हो."

आणि वायर जिवंत आहे का मेलेली, हे बघायचं शिकवलंत तेव्हा तर मला वाटलं, हे काम माझ्यासाठीच कुणीतरी काढलंय. आधी टोकं जिवंत जागी लावायची, जिथं वीज आहेच अशा सॉकेटमध्ये. मग ज्या वायरीची शंका आहे तिच्यावर. मग पुन्हा जिवंतावर. का, तर मधल्या मध्ये मीटरच मेला असेल आणि तो सगळ्यालाच शून्य म्हणत असेल तर? मी म्हटलं, म्हणजे तीनदा बघायचं? तुम्ही म्हणालात, "तीनदा. तुझी ही सवय फुकट घालवू नको, इथे वापर. पण चौथ्यांदा नाही हां. तिसऱ्यांदा बघून झालं की बोलायचं."

ते बोलणंच मला कधी जमलं नाही. आकडा मी सांगायची, पण गिऱ्हाइकाला निकाल तुम्ही द्यायचात. "बदलायला लागेल. मी सांगतेय." किंवा, "काही झालेलं नाही, घेऊन जा. मी सांगतेय." त्या 'मी सांगतेय'वर लोक उठून जायचे, पुन्हा विचारायचे नाहीत. अलीकडे अलीकडे तुम्ही मुद्दाम गप्प बसायचात आणि माझ्याकडे हनुवटी करायचात, तू सांग. मी मान खाली घालायची. शेवटी चिडून तुम्हीच सांगायचात आणि माणूस गेला की मला बोलायचात, मी काय इथं खांबासारखी उभी राहणार आहे का जन्मभर? मी म्हणायची, तुमचं शिक्षण आहे, तुम्ही सांगितलेलं लोक ऐकतात. त्यावर तुम्ही जे म्हणायचात ते इथं लिहीत नाही. त्यात दोनदा 'मेले' यायचं.

आता त्या वायरीचं.

पडवीच्या कोपऱ्यातून विहिरीकडे गेलेली जुनी वायर, सुपारीच्या बुंध्यांना बांधत बांधत नेलेली. पंप बदलला तेव्हा तिचं घराकडचं टोक तुम्ही स्वतः सोडवलंत आणि चिकटपट्टी लावून ठेवलंत. पुढे शेजारच्या बंगल्यावाल्यांनी त्यांच्या पंपाची वायर त्याच बुंध्यांवरून, हिच्याच जोडीनं नेली. ती जाड काळ्या कवचाची. आपली जुनी, खारींनी कुरतडून कुरतडून मधे मधे तांबं उघडं पडलेली. सुपारी पिकायला आली होती आणि पांडूदादांना त्या झाडांवर चढायचं होतं. बंगल्याला कुलूप, माणसं मुंबईला, त्यांचा पंप आपोआप चालू-बंद होणारा.

तुम्ही म्हणालात, बघ जरा. सॉकेटवर बघितलं, वीज होती. मग काळं टोक तिथल्या न्यूट्रलला ठेवून लाल टोक जुन्या वायरीला लावलं. माझी अपेक्षा शून्याची. आले चौऱ्याऐंशी.

"भूत," तुम्ही म्हणालात, चहाचा घोट घेत.

तुम्ही समजावूनही सांगितलंत. हा मीटर फार हलक्या हाताचा. मोजताना वायरीतून तो जवळजवळ काही घेतच नाही. म्हणून चालत्या वायरीच्या अंगाला अंग लावून पडलेल्या मेल्या वायरीत तिच्या सोबतीनं जे थोडंसं येतं, तेही त्याला दिसतं. त्यात दम नसतो. बल्ब जोडला की निघून जातं. मला ते पटलं. पण भीती पटण्यानं जात नाही. मी म्हटलं, "तुम्ही या टोकाची सोडवली. त्या टोकाचं काय? बंगल्याच्या वायरमननं विहिरीवरच्या पेटीत हिलाही जोडून ठेवलं असेल तर? मधेच सांधा ओला असला तर चौऱ्याऐंशीच दिसतील."

तुम्ही कप खाली ठेवलात. मी तुम्हाला उलटून बोलले अशी ती पहिलीच वेळ. "तू मला शिकवायला लागलीस," असं म्हणालात, पण आवाज रागाचा होता का दुसरा कसला, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता तर रोज वेगळा वाटतो. बल्ब लावून बघू म्हटलं तर तुमचा तारेचा बल्ब उडालेला. साधा एलईडी चालत नाही, तो भुतालाही फसून मिणमिणतो. तारेचा आता दुकानात मिळत नाही. हे म्हणाले, कॉटेजच्या बागेत शोभेला जुने लावलेत, मालकाला विचारून एक आणतो. तोवर भांडण तसंच ठेवायचं ठरलं. तुम्ही भूत म्हणायचात, मी जिवंत म्हणायची, आणि पांडूदादा खालून झाडांकडे बघत बसायचे.

मग ती दुपार. तुम्ही खुर्चीतून उठताना टेबल धरलंत आणि परत बसलात. तुमच्या कपाळाला मी उलटा हात लावला. घाम आला होता आणि कपाळ गार. रिक्षात माझ्या खांद्याला डोकं टेकून तुम्ही डोळे मिटले होतेत. मला वाटलं झोपलात. अलिबाग जवळ आलं तेव्हा डोळे न उघडता म्हणालात, "भूतच आहे ते."

मी काही बोलले नाही. हो म्हटलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण खोटं ठरलं असतं, मला अजून माहीत नव्हतं. आणि नाही म्हणायची ती वेळ नव्हती. तुमचा हात तेवढा हातात होता. थरथरत होता, म्हणून मला बरं वाटत होतं. ते मला शेवटचा आकडा नाचतो तसं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी यांनी बल्ब आणला. वर्तमानपत्रात गुंडाळून, टेबलाच्या खणात ठेवलाय.

पुढचं लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे.

तुमची भाची पुण्याहून आली, मृणालताई. दिवस झाले तरी थांबल्यात. चांगल्या आहेत हो. मला वाटलं होतं टेबल आवरायला सांगतील. त्यांनी मीटरवरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाल्या, मावशी फोनवर तुमच्याबद्दलच बोलायची, हा इथंच राहू दे, तुम्ही बसा. मी बसते म्हटलं, पण बसले नाही. मीटरला हात लावायची हिंमत होत नव्हती. आलेल्या माणसांना गेटवरूनच सांगायची, बाई गेल्या. त्यातले काही रडायचे आणि मिक्सर हातात तसाच घेऊन परत जायचे.

काल पांडूदादा पडवीत येऊन बसले. सुपारी गळायला लागली होती. अलिबागच्या वायरमननं आज येतो उद्या येतो चालवलेलं. मृणालताई म्हणाल्या, मग सोडून देऊ या वर्षी. पांडूदादांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "वयनी, बाय बोलायच्या तवा मी हात लावायचू. आता तुमी बोला. जित्ती हाय का मेली?"

मी म्हटलं, मी कशी सांगू? दादा, जीव आहे तुमचा.

"म्हून तं इचारतंय," ते म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. घाई नव्हती त्यांना. त्यांची लेक, नातू, सगळी त्या झाडांखालून येतात-जातात. ते झाडावर चढणार होते ते माझ्या भरवशावर, आणि मी नाही म्हटलं असतं तर न बोलता घरी गेले असते.

मी मीटर लावला. तापू दिला. मृणालताईंनी चहा केला, तुमच्यासारखा नव्हे. बटणं खाली-वर केली, एसी दाबलं, सगळ्यात मोठी पट्टी. आधी जिवंतावर. सॉकेटवर दोनशे सत्तावीस आले. मग जुन्या वायरीची चिकटपट्टी सोडवली आणि टोक लावलं. चौऱ्याऐंशी. इतक्या दिवसांनी पुन्हा तेच चौऱ्याऐंशी, जागचे हललेले नाहीत. पांडूदादा मागे सरकले. मी म्हटलं, बाई म्हणायच्या हे भूत आहे. ते म्हणाले, "बायचाच आसंल. जातंय कुठं ती वाडी सोडून."

मृणालताई हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

खणातून बल्ब काढला. होल्डरला लावला, त्याच्या दोन वायरींपैकी एक न्यूट्रलला जोडली. दुसरी जुन्या वायरीला जोडायची होती. बाई, तुम्हाला सांगते, तिथं माझा हात थांबला. भीतीनं नाही. लाल आकड्यांत चौऱ्याऐंशी दिसत होते. सोबतीनं आलेले का असेनात, होते. बल्ब जोडला की जाणार. मला वाटलं, राहू दे. काय बिघडतंय कुणाचं? असंच पडवीत बसून बघत राहावं.

पण समोर पांडूदादा बसले होते. मी जोडला.

बल्बाची तार काळीच राहिली. चौऱ्याऐंशीचे झाले शून्य, आणि शेवटचा आकडा उगाच इकडे तिकडे. मग मला वाटलं, बल्बच उडालेला असेल तर? तो सॉकेटवर लावला. पिवळाजर्द पेटला. दिवसाढवळ्या सगळ्या पडवीत त्याचा उजेड पडला.

मग पुन्हा जिवंतावर. लाल टोक सॉकेटमध्ये, दोनशे अठ्ठावीस. मीटर जिवंत होता. चौथ्यांदा बघावंसं वाटलं. हात वायरीकडे गेलाही. तुमची हनुवटी दिसली मला, खुर्चीवरून वर केलेली.

मी टोकं खाली ठेवली आणि म्हटलं, "मेलीय, दादा. लावा हात. मी सांगतेय."

पांडूदादा उठले. मी त्यांना थांबवलं. सांगणाऱ्यानं आधी हात लावायचा, तोही उलटा, म्हणजे झटका बसलाच तर हात वायर धरून न ठेवता मागे येतो, हे तुमचंच. उलटा हात लावला. नुसतं गार तांबं लागलं.

दुपारपर्यंत सगळी वायर खाली आली. तिचं भेंडोळं करून पांडूदादांनी विहिरीपाशी ठेवलं, आणि विहिरीवरची पेटी उघडून मला बोलावून दाखवली. जुन्या वायरीचं ते टोकही सुटंच होतं, गंजलेलं, कुठंही न जोडलेलं. मग ते चढले. एका झाडावरून झोका घेत दुसऱ्यावर गेले तेव्हा मी पहिल्यांदाच डोळे न मिटता बघितलं.

मीटर तापला आता. त्या दिवशी रिक्षात मी गप्प बसले होते, कारण मला माहीत नव्हतं. काल तीनदा बघितलं.

भूतच होतं, बाई. तुमचं खरं.